दात की नुसता खडा?

मलप्रभेच्या पात्रात काळा, त्रिकोणी, चकचकीत खडा हाती आला, की नवशिक्या संग्राहकास तो शार्कचा अश्मीभूत दात वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु दाताआधी भूमी पारखावी. खानापूर भागातील खडक एक तर मासे निर्माण होण्यापूर्वीचे, नाही तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचे. असे दात प्राचीन सागराच्या गाळात मिळतात. तो कच्छात आहे, तामिळनाडूतील अरियलूरला आहे.

खऱ्या दाताचे टोक तुळतुळीत असते, मूळ खडबडीत व बहुधा दुभंगलेले. काही जातींच्या कडा भिंगातून करवतीसारख्या दिसतात. रंगावरून मात्र वय ठरवू नये. तो गाळातील खनिजांचा असतो.

ज्यांना लोक सर्पांच्या जिभा मानीत, ते दगड शार्कचे दात होत, असे निकोलस स्टेनो याने १६६७ साली प्रतिपादिले, ते ताज्या शार्कचे डोके तपासूनच. खानापूरच्या संग्राहकासही गोव्याकडून बाजारात येणाऱ्या मोरीचा जबडा हाच पहिला गुरू. पुढे कोठे खरा दात मिळालाच, तर त्याचे ठिकाण व थर तत्काळ टिपून ठेवावा. ती चिठ्ठी हरवली, की दात मुका होतो.