जाहिरात : किती खरी, किती खोटी?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



समितीने मला 'जाहिरात आणि प्रामाणिकपणा' हा विषय दिला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी काही विद्वान नाही. एकतीस वर्षे छपाईच्या कारखान्यात मशीनवर उभा राहिलेला माणूस. पुस्तके छापली नाहीत, खोकी छापली. साबणाची, टूथपेस्टची, औषधांची, क्रीमची. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मग तुम्हीच बोला. खोक्यावर काय असतं ते तुमच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक?" म्हणून उभा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. जाहिरात म्हणजे पाप, असे माझे म्हणणे नाही. माझी आई कल्याणच्या बाजारात भाजी विकायची. "घ्या ताजी मेथी, घ्या कोवळी भेंडी," असा आवाज द्यायची. तीही जाहिरातच. पण गिऱ्हाईक जुडी हातात घेई, उलटीपालटी करी, भेंडीचे टोक मोडून बघे. आणि भेंडी जून निघाली तर दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक तिच्यासमोर येऊन उभे राही. बोलणारी, विकणारी आणि जबाब देणारी व्यक्ती एकच होती. मोठ्या कंपनीच्या जाहिरातीत बोलतो एक, विकतो दुसरा, बनवतो तिसरा, आणि जाब विचारायला गेलात तर चौथाही सापडत नाही. खोटेपणाला जागा मिळते ती इथे.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगताना आजही लाज वाटते.

१९८६ च्या सुमाराची ही गोष्ट आहे. आमच्या छापखान्यात गोरेपणाच्या एका क्रीमचे खोके छपाईला आले. क्रीमचे नाव घेत नाही. खोक्यावर एकाच मुलीचे दोन चेहरे होते. डावीकडचा सावळा आणि उतरलेला, उजवीकडचा उजळ आणि हसरा. मध्ये बाण. म्हणजे आधी अशी, क्रीम लावल्यावर अशी. रंगीत छपाईत चेहऱ्याचा रंग चार शायांतून उतरतो, पिवळी, मॅजेंटा, सायन म्हणजे निळी आणि काळी. निळी आणि काळी वाढवली की चेहरा काळवंडतो, कमी केली की उजळतो. प्रोसेसवाल्याने निगेटिव्हमध्येच तो फरक केलेला होता. फोटो एकच, ओठांचा कोपरा तेवढा ब्रशने खालीवर केलेला. तरी सुपरवायझर मागे उभा राहून सांगायचा, "डावीकडची अजून डार्क येऊ दे. फरक दिसला पाहिजे."

बंधू-भगिनींनो, त्या मुलीला गोरे क्रीमने केले नव्हते. ते काम माझ्या मशीनने केले होते.

मला हे ठाऊक होते. आणि माझ्या घरात माझी धाकटी बहीण तेच क्रीम लावत होती. रंगाने सावळी, अभ्यासात हुशार. त्या वर्षी तिला दोन ठिकाणांहून नकार आला होता. कारण कोणी तोंडावर सांगत नाही, पण बायका आपापसांत बोलतात आणि ते मुलीच्या कानांवर येते. ती रोज रात्री आरशासमोर उभी राही, ट्यूब पिळून पिळून शेवटचा थेंब काढी. मी बघत होतो. नोकरी होती, ओव्हरटाइम होता. गप्प बसलो.

तिला कळले ते माझ्या तोंडून नव्हे. छापखान्यातली वाया गेलेली शिटे आम्ही घरी आणायचो, वह्यांना कव्हर घालायला आणि फळीवर अंथरायला. एके दिवशी तिने फळीवरचे शीट ओढून काढले आणि माझ्यासमोर धरले. म्हणाली, "दादा, हे बघ. कानाजवळची केसाची बट दोन्हीकडे सारखीच उडालीय. हा फोटो एकच आहे ना?" मी मान हलवली. ती एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं."

त्यानंतर तिने ट्यूब आणली नाही. पण तिचे ते तीन शब्द आजही माझ्या कानांत आहेत.

आता विचार करा, त्या खोक्यावर खोटे वाक्य कोणते होते? एकही नव्हते. 'नियमित वापराने त्वचा उजळ दिसण्यास मदत' असा काहीसा मजकूर होता. 'मदत' या शब्दाला पकडणार कसे? खोटे चित्रात होते. आणि चित्राच्याही आधी आणखी एक खोटे होते, की सावळे असणे हा दोष आहे. माझे सांगणे मुख्यतः एवढेच आहे. मोठी जाहिरात आधी आपल्या मनात उणीव पेरते आणि मग त्या उणिवेवरचे औषध विकते. औषध खोटे आहे की खरे, यावर आपण वाद घालत बसतो. रोगच खोटा होता, हे विचारायचे राहून जाते.

हे फक्त क्रीमचे नाही. माझी बहीण पुढे परिचारिका झाली, नगरपालिकेच्या दवाखान्यात तिने नोकरी केली. तिच्याकडून मला दुधाच्या डब्याची हकीकत कळली. १९६० आणि ७० च्या दशकांत आफ्रिका-आशियातल्या गरीब देशांत बाळदुधाच्या कंपन्या नर्ससारखा पांढरा पोशाख घातलेल्या बायका प्रसूतिगृहांत पाठवत. मोफत डबा देत. डब्यावर गुटगुटीत बाळ. मातेला कोणी म्हणत नसे की तुझे दूध वाईट आहे. फक्त शंका पेरली जाई, तुझे दूध पुरेल ना? बाळ बाटलीला लागले की अंगावरचे दूध आटते. मग डबा विकत घ्यावा लागतो. तो परवडत नाही म्हणून पावडर पातळ केली जाते, पाणी स्वच्छ नसते, बाटली उकळायला इंधन नसते. बाळे जुलाबाने आणि कुपोषणाने दगावली. १९७४ साली 'वॉर ऑन वॉन्ट' या ब्रिटिश संस्थेने यावर पुस्तिका काढली. १९७७ पासून अमेरिकेत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत अशा प्रचाराला आळा घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली. विरोधातले ते एक मत अमेरिकेचे होते.

आपल्या देशाने १९९२ साली याबाबत कायदा केला. तो कायदा मला फार शहाणा वाटतो. का? त्याने नुसते 'खोटे बोलू नका' असे सांगितले नाही. त्याने सांगितले, बाळदुधाच्या डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्रच छापायचे नाही, आणि आईचे दूध सर्वोत्तम हे ठळक छापायचे. खोटे चित्रात राहते, हे त्या कायद्याने ओळखले. आज दुकानात बाळदुधाचा डबा बघा, त्यावर गुटगुटीत बाळ दिसणार नाही.

क्रीमच्या बाबतीत मात्र एवढी स्पष्टता यायला फार काळ गेला. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. फेअर म्हणजे गोरी, लव्हली म्हणजे सुंदर. नावातच निकाल देऊन टाकलेला! काळी मुलगी क्रीम लावते, गोरी होते आणि मग तिला नोकरी मिळते, अशा जाहिराती टीव्हीवर आल्या. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, तेव्हा २००३ साली अशा काही जाहिराती बंद झाल्या. जाहिरातवाल्यांची स्वतःची एक परिषद १९८५ पासून आहे. तिने २०१४ साली नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, खचलेला, कमी प्रतीचा दाखवू नये, आणि 'आधीच्या' चेहऱ्यावरचे भावही पडेल दाखवू नयेत. हा नियम वाचला तेव्हा मला आमच्या खोक्यावरची डावीकडची मुलगी आठवली. तिचे ओठ खाली ओढायला एक ब्रश पुरला होता. तो ब्रश चुकीचा होता, एवढे लिहायला अठ्ठावीस वर्षे गेली.

मग २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाने जीव घेतला, जगभर मोर्चे निघाले, आणि आपल्याकडच्या क्रीमचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. चांगले झाले. पण पंचेचाळीस वर्षे आपल्या मुली आरशासमोर उभ्या होत्या, तेव्हा कंपनीला ते दिसले नव्हते काय? नाव एका दिवसात बदलता येते, पेरलेली लाज एका दिवसात निघत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या कंपन्यांपुढे आपण काय करणार? तर ऐका. २०१३ साली दिल्लीच्या एका माणसाने पुरुषांसाठीच्या 'फेअर अँड हँडसम' क्रीमची ट्यूब ७९ रुपयांना घेतली. गोरा झाला नाही. तो ग्राहक मंचात गेला. कंपनीचा बचाव काय होता? त्याने क्रीम सांगितल्याप्रमाणे लावले हे सिद्ध झालेले नाही, आणि परिणाम दिसायला सकस आहार, व्यायाम, स्वच्छ राहणीही लागते! मंचाने म्हटले, या अटी वेष्टणावर कुठे छापल्या आहेत? खटला वर गेला, पुन्हा खाली आला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मध्य दिल्लीच्या जिल्हा मंचाने कंपनीला लाखो रुपये भरण्याचा आदेश दिला. त्यातली बहुतेक रक्कम ग्राहक कल्याण निधीला आणि काही तक्रारदाराला. ७९ रुपयांसाठी अकरा वर्षे! आपल्यातला कोणी असता तर शेजारी हसले असते. पण त्या माणसाने विचारले म्हणून कंपनीला सांगावे लागले की ट्यूब एकटी पुरत नाही.

आज २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. खातरजमा न करता तोंड दाखवणाऱ्या नट-खेळाडूंवरही बंदी येऊ शकते. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते. तरी कायदा सगळीकडे पुरत नाही. मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी आपण वर्षानुवर्षे 'हेल्थ ड्रिंक' म्हणून घेतल्या. २०२४ साली सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की त्या 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. तोवर किती मातांनी पोटाला चिमटा काढून तो डबा आणला असेल! मूल मागे पडेल ही भीती त्यांना कोणी घातली?

आपण इथे पंचशील ग्रहण करतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. मला वाटायचे, मी कुठे खोटे बोललो? मी तर मशीन चालवली. पण खोटे जिभेनेच बोलले जाते असे नाही. ते चित्राने बोलता येते, बारीक अक्षरांनी बोलता येते, आणि घरात गप्प बसूनही बोलता येते. मशीन सोडा, असे मी कुठल्या कामगाराला सांगणार नाही, पोट सर्वांना आहे. पण निदान आपल्या माणसांना तरी खरे सांगा. शिटावर काय छापतो ते घरी सांगा. हॉटेलात, दवाखान्यात, दुकानात, कॉल सेंटरमध्ये आपली मुले काम करतात. आतले काय ते त्यांना ठाऊक असते.

आणि जाताना दोन गोष्टी घेऊन जा. दुकानात खोके हातात घेतले की ते उलटे करा. पुढची बाजू जाहिरातवाल्याची, मागची बाजू कायद्याची. घटक, वजन, किंमत, तारीख मागे असते. दुसरे, कोणतीही जाहिरात बघताना माल कसा आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, ही मला काय कमी आहे म्हणून सांगते आहे? आणि ते मला खरेच कमी आहे का?

माझ्या बहिणीच्या नातीने परवा विचारले, "आजी, मी काळी आहे का गं?" शाळेत कोणीतरी म्हटले असेल. बहिणीने कपाटातून एक जुनी वही काढली. तिचे कव्हर तेच, दोन चेहऱ्यांचे. इतकी वर्षे जपून ठेवलेले. नातीला म्हणाली, "ही केसांची बट बघ. आता दुसरीकडची बघ." मुलगी दोन मिनिटे बघत राहिली आणि मग खदखदून हसली.

मी जे सांगायला हवे होते ते माझ्या बहिणीने सांगितले. तुम्ही तुमच्या घरी सांगा, एवढीच विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो. जय भीम.