कोळंबीचे तळे आणि आपण
(कामगार अभ्यासवर्गातील भाषण)



रेल्वे-टपालवाल्यांचा कोळंबीशी काय संबंध, असे आपण विचाराल. ऐका. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबी-तळ्यांचे खारे पाणी शेतात, विहिरींत झिरपले. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला: किनारा नियमन पट्ट्यातील तळी हटवा, आणि काम जाणाऱ्या कामगारांना कायदेशीर भरपाईखेरीज सहा वर्षांचे वेतन द्या! पण १९९७ मध्ये अंमलबजावणीला स्थगिती मिळाली. २००५ च्या कायद्याने तळ्यांना नोंदणीची वाट करून दिली.

त्याच किनाऱ्यावर पिचावरमची खारफुटी मरत होती. दोष गावकऱ्यांवर येई. स्वामिनाथन प्रतिष्ठानाने खरे कारण दाखवले: पूर्वीच्या सरकारी सरसकट तोडीने जमीन खोलगट झाली, पाणी साचून क्षार वाढले. मग माशाच्या काट्यासारखे चर खणले, भरतीचे पाणी खेळू लागले, रोपे रुजली.

हे ज्ञान सोप्या भाषेत गावोगाव गेले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांची घरे कोकणात खाडीकाठी आहेत. रजेवर जाल तेव्हा विचारा: तळ्याची नोंदणी आहे काय? सांडपाणी कुठे सोडतात? मजुरांच्या हजेरीची नोंद होते काय? किनारा आणि कामगार, दोघांचा लढा एकच आहे.