घरचा डॉक्टर
(देवस्थानच्या वर्धापनदिनोत्सवात सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रींच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलण्याची आज्ञा समितीने मला केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी वैद्य नव्हे, विद्वानही नव्हे. लिसेंवमध्ये शिकून पुढे सरकारी कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी लिहिण्यात आयुष्य घालविलेला एक निवृत्त कारकून आहे. परंतु आजचा विषय मला त्या नोंदवहीनेच दिला. मृत्यूचे कारण म्हणून डॉक्टर जे नाव लिहून देई, तेच आम्ही रकान्यात उतरवून घेत असू. ते नाव खरे असले तर मागे राहिलेली माणसे सावध होतात. ते चुकले किंवा लपविले गेले, तर त्याच आळीतून दुसरी तिरडी निघण्यास वेळ लागत नाही. म्हणून रोगाचे खरे नाव निर्भयपणे उच्चारणाऱ्या एका गोमंतकीय डॉक्टराचे आज स्मरण करावे, असे मला वाटले.

डॉ. आकासियो गाब्रियेल व्हियेगस यांचा जन्म १८५६ साली बार्देशातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकीचे शिक्षण घेऊन त्यांनी मांडवी भागात व्यवसाय मांडला. मांडवी म्हणजे बंदरालगतची व्यापारी पेठ. धान्याच्या वखारी, दाट वस्ती, एकेका खोलीत एकेक कुटुंब आणि सर्वत्र उंदीर. अशा ठिकाणी घरोघर जाऊन नाडी पाहणारा हा डॉक्टर होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये तेथील रोग्यांना तीव्र ताप येऊ लागला, जांघेत व काखेत गाठी उठू लागल्या आणि थोड्याच दिवसांत माणसे दगावू लागली. डॉ. व्हियेगस यांनी निदान केले, ही गाठीची प्लेग आहे. ते महापालिकेचे सभासदही होते. तेथे त्यांनी हे उघडपणे सांगितले. या एका शब्दाचे मोल केवढे होते, याचा विचार करावा. बंदरात प्लेग आहे असे जाहीर होणे म्हणजे परदेशांनी मुंबईची जहाजे अडविणे, व्यापार बसणे आणि शहरात घबराट उडणे. साहजिकच अनेकांनी शंका घेतली. इतर तज्ज्ञांकडून तपासणी करविण्यात आली आणि व्हियेगस यांचे निदान खरे ठरले. पुढे सरकारने डॉ. हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

उंदरांच्या अंगावरील पिसवांमधून हा रोग फैलावतो, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखविले. म्हणजे १८९६ मध्ये रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या डॉक्टराला आपले रक्षण कसे करावे हेही पुरते ठाऊक नव्हते. तरीही व्हियेगस मांडवीतच रुग्णसेवा करीत राहिले. त्याच साथीत पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तो काळ असा होता.

रोगाचे निदान प्रथम घरोघर फिरणाऱ्या डॉक्टराने करावे, यात मला नवल वाटत नाही. इस्पितळाची लोकांना धास्ती असे, आणि रोगी बहुधा घरातच लपविला जाई. घरात प्रवेश होता तो घरच्या डॉक्टराला. या वैद्यकीत औषधाइतकेच महत्त्व विश्वासाला आहे.

याचा अनुभव मी लहानपणी घेतला. मी लिसेंवमध्ये शिकत असता आई विषमज्वराने अंथरुणास खिळली. नातलग मंडळी वडिलांना धीर देत, "दोन दिवसांत उतार पडेल" असे म्हणत. आमच्या गावचे दोतोर मात्र नाडी पाहून ओसरीवर आले आणि वडिलांना बाजूस घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बाब, मुंबईला थोरल्याला तार करा. आजच करा." एका काकांना त्यांचा फार राग आला. थोरला भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. आईने त्याला ओळखले, त्याच्या हातचे पाणी घेतले आणि दुसऱ्या पहाटे ती गेली. त्या दोन रात्री दोतोर आमच्या ओसरीवरील बाकावर बसून होते. वडिलांनी फी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. पुढे तेच काका प्रत्येक दुखण्यात प्रथम त्यांनाच बोलावणे पाठवीत.

पणजीच्या वैद्यकीय विद्यालयाची स्थापना १८४२ सालची. तेव्हापासून गोमंतकाने अनेक डॉक्टर दिले. आज आपल्या महाजन कुटुंबांतही डॉक्टरांची उणीव नाही, परंतु त्यांतील बहुतेकांचे दवाखाने दूरच्या शहरांत आहेत. माझी नम्र सूचना एवढीच, की उत्सवास येणाऱ्या आपल्या डॉक्टर मंडळींनी एक सकाळ अग्रशाळेत बसून गावच्या वृद्धांची प्रकृती पाहावी. आणि आपण रोगी असू तेव्हा डॉक्टरापासून काही लपवू नये. त्याचे कटू बोलणे ऐकून घ्यावे. सत्य बोलणारा डॉक्टर हवा असेल, तर ते ऐकणारे घरही असावे लागते.

आपण सर्वांना आरोग्य लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.