संगणकाचा आकडा आणि माणसाचा शब्द
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘तू नेमकं काय काम करतेस?’ असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. कुठलीही प्रणाली बसवताना काही गोष्टी ठरून जातात. माहिती कोण भरणार, कोणाला दिसणार, कोण बदलू शकणार आणि हिशेब चुकला तर कोणाला धरणार? दिसायला हे तांत्रिक काम, पण खरं तर ती सत्तेची वाटणी असते.

याचं सर्वांत कडू उदाहरण ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं. तिथली बरीच पोस्ट ऑफिसं सबपोस्टमास्तर चालवतात. ते पगारी नोकर नसतात. करार करून, पुष्कळदा स्वतःच्या दुकानातच पोस्टाचं काउंटर चालवतात. १९९९ पासून तिथे ‘होरायझन’ ही संगणक प्रणाली आली आणि हिशेब लावताना काहींच्या पडद्यावर हजारो पौंडांची तूट दिसू लागली. पोस्ट ऑफिसने करारावर बोट ठेवलं : तूट तुम्हीच भरा. हेल्पलाइनवर अनेकांना सांगितलं गेलं, असं फक्त तुमच्याकडेच होतंय.

पूर्वी वादातली रक्कम तात्पुरती बाजूला ठेवायची सोय होती. २००५ मध्ये ती काढून टाकली. मग पडद्यावरचा आकडा पदरात घेतल्याशिवाय हिशेब बंद होईना, आणि हिशेब बंद केल्याशिवाय काउंटर पुढे चालेना. एक सोय गेली आणि तिच्याबरोबर माणसाचा ‘मला मान्य नाही’ म्हणण्याचा हक्क गेला.

तपास पोस्ट ऑफिसचाच आणि बरेचसे खटलेही त्यांनीच भरलेले. संगणक बरोबर चालतो, असं कोर्ट गृहीत धरायचं. तो चुकतो हे दाखवायचं तर नोंदी हव्यात, आणि त्या पोस्ट ऑफिस आणि प्रणाली बनवणाऱ्या फुजित्सूच्या हातात. अशा रीतीने ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. कोणी घर विकलं, एक जण गरोदर असताना तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला.

ॲलन बेट्स या सबपोस्टमास्तरांनी हार मानली नाही. ५५५ जण एकत्र येऊन कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये निकाल लागला : प्रणालीतल्या दोषांमुळे खोटी तूट दिसू शकत होती, आणि फुजित्सूची माणसं दुरूनही शाखेच्या हिशेबात बदल करू शकत होती. पोस्ट ऑफिस हे वर्षानुवर्षं नाकारत आलं होतं. २०२१ मध्ये अपील कोर्टाने एकाच दिवशी ३९ जणांची शिक्षा रद्द केली. २०२४ मध्ये संसदेने कायदा करून आणखी शेकडो जणांना निर्दोष ठरवलं.

बग प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतात. इथे घात झाला तो एका बाजूला सगळं दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला फक्त शेवटचा आकडा, म्हणून.

उलट उदाहरण आपल्याकडचं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचं ठरलं. फॉर्ममध्ये नुसती नावाची मांडणी बदलली, पण तो कोणाला मोजायचं याचा निर्णय होता.

आज आपल्यापैकी कोणी बँकेत आहे, कोणी दवाखान्यात, कोणी जिल्हा परिषदेत, कोणाचा स्वतःचा कारखाना आहे. नवी प्रणाली तुमच्या टेबलावर सहीला आली, तर तीन प्रश्न जरूर विचारा. हिच्यामुळे ज्याच्यावर ठपका येऊ शकतो, त्याला स्वतःच्या नोंदी दिसतात का? कोणी, कधी, काय बदललं हे राहतं का? आणि आकडा मान्य नसेल तर तसं नोंदवायची जागा आहे का? हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं, तर याच शाळेत पूर्ण मार्क मिळत नसत; पायऱ्या दाखवाव्या लागत. सर, तो नियम संगणकालाही लावायला हवा.