समुद्राकाठची दोन द्वारे



मुंबईत समुद्राच्या काठी दोन द्वारे उभी आहेत. त्यांपैकी अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडिया सर्वांना ठाऊक आहे. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज बादशहा मुंबईत उतरले, त्याचे हे स्मारक. परंतु त्या दिवशी ही कमान उभीच नव्हती! जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे पिवळसर बेसॉल्ट दगडाचे हे बांधकाम १९२४ साली पुरे झाले. त्यावर राजाराणीची नावे कोरलेली आहेत. ज्यांनी ते दगड घडविले, त्यांची नाहीत.

दुसरे द्वार दादरच्या चैत्यभूमीचे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचा अंत्यविधी जेथे झाला, तेथील स्मारक १९७१ साली खुले झाले. त्याचे तोरण सांचीच्या धर्तीवर आहे. आता मूळ सांची पाहा. तेथील दक्षिण तोरणावर लेख आहे, की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी केले. भिक्षू, भिक्षुणी, गृहस्थ, स्त्रिया अशा सामान्य दात्यांचीही शेकडो नावे तेथील दगडांवर आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी जे सुचले, ते विसाव्या शतकातील साम्राज्याला सुचले नाही.

तोरणाचा आकार घेणे सोपे. त्यामागचा न्याय घेणे कठीण. यापुढे या शहरात जी सार्वजनिक वास्तू उभी राहील, तिच्या कोनशिलेवर पाहुण्यांच्या नावांबरोबर गवंडी, पाथरवट, बिगारी यांचीही नावे असावीत, अशी मागणी आपण केली पाहिजे. ही मेहेरबानीची याचना नव्हे. हा श्रमाचा हक्क होय.