अष्टपुत्रांकडून एका अपत्याकडे
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



नववधू नमस्काराला वाकली की घरातील वडीलधारी मंडळी ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद देत. आठ हा आकडा केवळ हौसेचा नव्हता. देवी, पटकी आणि प्लेग यांच्या तडाख्यातून त्यांतील किती हाती लागतील, याची शाश्वती कोणालाच नसे. शेतावर राबणारे हात हवे असत आणि म्हातारपणी आधारही. आज तोच आशीर्वाद कोणी दिला, तर वधूबरोबर सासूही हसेल. हा पालट कशाने झाला?

‘सुबत्ता आली आणि मुले कमी झाली’ हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. फ्रान्समध्ये जननदर अठराव्या शतकाच्या अखेरीसच उतरू लागला. इंग्लंड तेव्हा अधिक संपन्न होते. पण तेथील उतार सुरू व्हायला एकोणिसाव्या शतकाची शेवटची पंचवीस वर्षे उजाडावी लागली. आपल्या देशातील १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी ३.४ अपत्ये आढळली. केरळात मात्र २.०. केरळ त्या वेळी श्रीमंत राज्यांत मोडत नव्हते. पण तेथे मुली शिकत होत्या आणि जन्मलेली बाळे जगत होती.

म्हणजे पैसा एकटा काही करीत नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या गोष्टी करतात. बाळ जगेल अशी खात्री वाटली की राखीव म्हणून आणखी मुले नकोशी होतात. मूल शेत सोडून शाळेत गेले की ते मिळवते न राहता खर्चाचे होते. निवृत्तिवेतन आणि बँकेतील ठेव म्हातारपणाची काठी बनतात. आई नोकरी करू लागली की घरी बसण्याची किंमत दरमहा डोळ्यांना दिसते. मग आईबाप अनेकांना वाढविण्याऐवजी एकदोघांना उत्तम घडवू पाहतात.

या वाटेचे टोक दक्षिण कोरियात दिसते. १९६० मध्ये युद्धाने पोळलेल्या त्या गरीब देशात एका स्त्रीमागे सुमारे सहा अपत्ये होती. १९६२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजनाची मोहीम हाती घेतली. लोकसंख्या स्थिर राहण्यास २.१ हे प्रमाण लागते. १९८३ मध्येच ते त्याच्या खाली गेले. पुढे मोहीम थांबली, सरकारने उलट अनुदाने देऊ केली, तरी उतार थांबला नाही. २०२३ मध्ये हे प्रमाण ०.७२ झाले, २०२४ मध्ये किंचित चढून ०.७५. शाळा सुटल्यावर मुले ‘हागवॉन’ नावाच्या खासगी शिकवण्यांत रात्रीपर्यंत बसतात, सोलमधील घरे आवाक्याबाहेर आहेत आणि कचेरीतून दमून आलेल्या स्त्रीवरच घरकामाचा बहुतेक भार आहे. अशा वेळी विवाहच लांबतो वा टळतो. आणि विवाहाबाहेर अपत्य होणे तेथे विरळाच.

श्रोतेहो, येथे एका मराठी माणसाचे स्मरण उचित ठरेल. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. नको असलेले मातृत्व स्त्रीवर लादले जाऊ नये, यासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला. त्यांनी मागितलेले स्वातंत्र्य आज बव्हंशी मिळाले आहे. पण त्याचा दुसरा अर्धा भाग शिल्लक आहे: ज्यांना मूल हवे आहे, त्यांनाही ते होऊ देण्याची मोकळीक असली पाहिजे. स्वीडनने १९७४ मध्ये बाळाच्या संगोपनाची रजा पित्यालाही दिली. तेथेही अलीकडे प्रमाण दीडच्या खाली आले आहे. तेव्हा केवळ रजेने प्रश्न सुटत नाही. परंतु आईवर एकटीवर भार टाकून तर तो सुटणारच नाही.

हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. २०१९-२१ च्या पाहणीत भारताचे प्रमाण २.० वर आले; गोव्याचे तर १.३ आढळले. ज्या घरात पूर्वी पाळणा रिकामा राहत नसे, तेथे उद्या दोन वृद्धांमागे एकच तरुण असेल. यासाठी स्त्रियांच्या शिक्षणाला दोष देणे म्हणजे दिवा लागला म्हणून काळोखाची आठवण काढणे होय. आठ मुलांच्या आशीर्वादात सुनेची इच्छा कोणी विचारली नव्हती. आता ती विचारली जात आहे. तिचे उत्तर ऐकून घर, कचेरी आणि शाळा बदलण्याची तयारी समाजाने दाखविली, तरच पाळणे आनंदाने हलतील.