घरची शाळा आणि तासांचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाचलेले भाषण)



मोठ्या कुटुंबात मुलांना घरी कसे शिकवावे व त्याच वेळी संसार काटकसरीने कसा चालवावा, या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हास केली. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली, एवढीच आमची पात्रता. म्हणून अनुभवास आले तेवढेच आपणापुढे ठेवीत आहोत.

घर हीच पहिली शाळा, हे वचन आपण सर्वांनी ऐकले आहे. परंतु त्या शाळेत शिकविण्यास वेळ कोणाचा खर्ची पडतो, याचा विचार क्वचितच होतो. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले व लक्ष्मीबाईंनी ती विद्या कन्येस दिली. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी पहाटे त्या मुलीस जागे करीत आणि पाठ तोंडाने देत. त्याच रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविण्यात आले. सावित्रीबाई फुले यांचा विवाह १८४० साली झाला. त्यांना जोतीरावांनी घरी शिकविले आणि १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा निघाली तेव्हा त्या तेथे शिक्षिका झाल्या. या दोन्ही घरांत संपत्ती होती म्हणून विद्या आली असे नव्हे. कोणीतरी स्त्रीच्या शिक्षणासाठी हेतुपुरस्सर वेळ राखून ठेविला, म्हणून ती आली.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि खालच्या वर्गांची मुले पुढे दीड वर्षाहून अधिक काळ घरीच राहिली. त्या काळात आमच्या घरी आम्ही उभयता, दोन चिरंजीव, दोन सुना व सात नातवंडे अशी तेरा माणसे होतो. एका चिरंजीवाचा पगार निम्म्यावर आला, दुसऱ्याचे दुकान बंद. मुलांच्या पाठांसाठी मोबाईल एकच. तेव्हा शाळा व स्वयंपाकघर ही दोन खाती एकत्र केल्यावाचून गत्यंतर नव्हते.

प्रथम गणित. जुन्या मापांचा एक संच माळ्यावर पडून होता, तो खाली काढिला. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली व दोन अधोल्यांची पायली. ही मापे व्यवहारातून गेली, परंतु अपूर्णांक शिकविण्यास त्यांच्यासारखे साधन नाही. चिपटे शेराचा चौथा भाग आणि पायलीचा सोळावा भाग, हे दुसरीतल्या मुलाने ज्वारी ओतून स्वतः पाहिले. मग फळ्यावर तेच लिहिताना त्यास भीती वाटली नाही. संध्याकाळी दिवेलागणीस परवचा होई. त्यात पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी व अडीचकीही आम्ही म्हणवून घेत असू. आजची मुले ही नावे विसरली, परंतु बाजारात पाव किलो व दीड किलोचा भाव तोंडी काढण्यास त्यांचाच उपयोग होतो.

गॅसची टाकी लावली की तारीख भिंतीवर लिहावयाची, हे काम सहावीतल्या नातवाकडे होते. टाकीत १४.२ किलो गॅस असतो. ती वीस दिवस पुरली, म्हणजे रोज ७१० ग्रॅम जळला. पुढे डाळी व कडधान्ये रात्री भिजत घालू लागलो. भात, वरण व बटाटे कुकरच्या तीन डब्यांत एकदम लावू लागलो. पातेल्यावर झाकण ठेवण्याचा कटाक्ष पाळिला. टाकी पंचवीस दिवस गेली. नातवाने भागाकार करून सांगितले, की आता रोज ५६८ ग्रॅम, म्हणजे १४२ ग्रॅमची बचत. हे उदाहरण कोणत्याही पुस्तकात नव्हते, म्हणूनच ते त्याच्या लक्षात राहिले.

अन्नाच्या बाबतीत काटकसर व कंजूषपणा यांतील भेद ओळखिला पाहिजे. तीन भाग धान्य व एक भाग डाळ या प्रमाणात खाल्ले, तर एकातील उणीव दुसरे भरून काढिते. म्हणून भाकरी व आमटी, भात व वरण ही जोडी मोडू नये. महागाई झाली की डाळीत पाणी वाढविण्याची रीत आहे, तीत मुलांची वाढ खुंटते. पाणी वाढविण्यापेक्षा तुरीबरोबर मसूर किंवा कुळीथ आणावा, मटकीस मोड आणावे, पिठल्यात शेवग्याचा पाला घालावा. मुळ्याचा पाला व कोबीचे दांडे टाकू नयेत. शिळ्या पोळीचा कुस्करा उत्तम. शिळा भात मात्र उन्हाळ्यात रात्रभर उघडा राहिलेला असेल तर फोडणीस टाकू नये, कारण त्यात निर्माण झालेले विष पुन्हा तापवून जात नाही. दुपारी धान्य निवडताना एका मुलाने पुस्तक मोठ्याने वाचावे व इतरांनी ऐकत हात चालवावे. याने वाचनही होते व निवडणेही.

आता सात मुलांस शिकवावयाचे कोणी? थोरल्याने धाकट्यास शिकवावे, ही आपली फार जुनी चाल. मद्रासेस अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली, आपल्या अनाथालयात मुलांकडूनच मुलांना शिकविले, आणि १७९७ साली त्याविषयी लिहून ती पद्धत इंग्लंडास नेली. तेथे तिला मद्रास पद्धती म्हणत. या पद्धतीचा लाभ निर्विवाद आहे, कारण शिकविणाऱ्याचे ज्ञान पक्के होते. परंतु आमच्या विषयाचा गाभा येथेच आहे, म्हणून आपण क्षणभर लक्ष द्यावे अशी विनंती आहे.

आमच्या थोरल्या सूनबाई खर्चाची वही ठेवीत. एके दिवशी त्यांनी धान्य व पैसा यांच्या शेजारी तिसरा रकाना आखिला आणि घरातील प्रत्येकाचे तास लिहिले. आठवड्याने वही आम्हापुढे ठेविली. थोरली नात त्या वेळी आठवीत होती. धाकट्यांस शिकविणे, भाकऱ्या, भांडी व पाणी यांत तिचे दिवसाचे सहा तास जात. तिच्या स्वतःच्या अभ्यासास पाऊण तास. तिच्याहून एका वर्षाने लहान भावाचा अभ्यास चार तास व घरकाम अर्धा तास. मोबाईल प्रथम त्याच्या हाती जाई. सूनबाईंचा स्वतःचा रकाना पहाटे पाचला सुरू होऊन रात्री अकराला संपे. कोणी कोणावर जुलूम करीत नव्हते. सर्व काही गोडीने चालले होते. आणि तरीही ज्या काटकसरीचा आम्हा सर्वांस अभिमान वाटत होता, तिचा मोठा भाग त्या दोघींच्या रकान्यातून येत होता.

त्या रात्री घरात तीन नियम ठरले. पहिला, सकाळी आठ ते दहा हे दोन तास थोरलीचे. त्या वेळात तिला कोणी हाक मारावयाची नाही. मोबाईलही प्रथम तिच्याकडे. दुसरा, भांडी, केर व पाणी ही कामे मुलगे व मुली यांस पाळीपाळीने. तिसरा, तेराही ताटे एकाच वेळी वाढावयाची; उरेल ते सुनांनी खावे ही रीत बंद. तिसऱ्या नियमास सौभाग्यवतींनी आरंभी हरकत घेतली. घरच्या बायका मागून जेवतात, असेच त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. परंतु डाळ सर्वांना पुरते की नाही हे सर्व ताटे समोर असल्यावाचून कळत नाही, हे सूनबाईंचे म्हणणे त्यांना पटले. थोरली नात २०२३ साली दहावी झाली व पुढे शिकत आहे. तिची बुद्धी तिचीच. आम्ही तिला फक्त दोन तास परत दिले.

ज्ञातिबंधूंनो, शाळा आता उघडल्या, तरी हा प्रश्न मिटला नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शाळेत शिकण्याचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे; म्हणून घरची शाळा ही शाळेस जोड असावी, तिची जागा घेणारी नसावी, असे आमचे नम्र मत आहे. एखाद्या मुलीची शाळा घरच्या अडचणीने सुटली असेल, तर वाट बंद झाली असे समजू नये. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीस बसता येते. मुक्त विद्यालयाची राष्ट्रीय संस्थाही १९८९ पासून आहे. आपल्या शेजारी अशी मुलगी असल्यास तिच्या वडिलांशी बोलण्याचे काम आपल्यापैकी कोणीतरी अंगावर घ्यावे.

आपण घरी खर्चाची वही ठेवीत असालच. तीत आठ दिवसांपुरता तासांचा एक रकाना आखावा आणि तो वडील मंडळींनी स्वतः वाचावा, एवढीच आमची मागणी आहे. जे धान्यात वाचले ते मुलाबाळांच्या अंगी लागावे. ते कोणा एकीच्या अभ्यासातून अथवा ताटातून वाचलेले नसावे.